मार्गशीर्षातला नाताळ

टोकावड्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून डोंगराच्या अंगाने आत वळलं की उंबरवाडी लागते. वाडीच्या शेवटी दोन भावांची दोन घरं आहेत. मधली भिंत एक, पुढचं अंगण एक, ओटे मात्र दोन. थोरला गोमा, धाकटा नवसू. पण वाडीत ही घरं भावांच्या नावाने कुणी ओळखत नाही. एक ठमाबाईचं घर आणि दुसरं शकूचं.

ठमाबाई थोरली जाऊ. वाडीतली सुईण. वाडीतल्या निम्म्या माणसांना या जगात पहिला हात लागला तो तिचा. आता बायका बाळंतपणाला गाडीने मुरबाडला जातात, तरी जायच्या आधी ठमाबाईकडून पोट चाचपून घेतात. ती डोळे मिटून हात फिरवते, "डोकं खाली हाय, जा," म्हणते, आणि मगच त्या गाडीत बसतात. बोलायला फटकळ, कामाला चोख. तिच्या घरी पाण्याचा हंडासुद्धा ठरल्या जागेपासून बोटभर सरकलेला तिला चालत नाही.

शकू तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. अंगाने बारीक, चालताना किंचित पुढे झुकलेली. समोरच्याशी बोलताना ती त्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहते. सतरा वर्षांची असताना ती या घरात आली तेव्हा तिला धड भाकरीही थापता येत नव्हती. तिला हाताशी धरून सगळं शिकवलं ते सासूने नव्हे, ठमाबाईने.

मार्गशीर्षातले गुरुवार या दोघी जावांनी बावीस वर्षं एकत्र केले. कलश एक, मांडणी दोघींच्या ओट्यांच्या मधोमध. दोघींपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेतल्या एखाद्या मुलीला बोलावून कहाणी वाचून घ्यायच्या. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला वाडीतल्या सगळ्या सवाष्णी जमायच्या आणि ठमाबाईच्या हातचं वालाचं बिरडं खाऊन जायच्या.

नऊ वर्षांपूर्वी शकू भाच्याच्या लग्नाला आसनगावजवळच्या माहेरी गेली आणि तिथे तापाने पडली. ताप उतरेना म्हणून भावाने शहापूरच्या एका लहान दवाखान्यात नेलं. तिथे ती अकरा दिवस होती. त्या दवाखान्यात पौर्णिमा नावाची एक आया होती. दिवसभराचं काम आटोपलं की ती घरी जायच्या आधी शकूच्या खाटेशी घटकाभर बसायची, कपाळावरची पट्टी बदलायची आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायची.

एकदा शुद्धीवर असताना शकूने विचारलं, "काय पुटपुटता वो?"

"तुझ्यासाठी मागते."

"कोनाकडं?"

"येशूकडं."

"माझं नाव घेऊन?"

"मग काय दुसरीचं घेऊ?" पौर्णिमा म्हणाली.

शकूच्या मनात ते राहिलं. तिने आजवर शेतासाठी मागितलं होतं, नवऱ्यासाठी, मुलासाठी मागितलं होतं. पण आपलं नाव घेऊन आपल्यासाठी कुणी देवाकडे काही मागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती बरी होऊन निघाली तेव्हा पौर्णिमाने तिला मोठ्या अक्षरांचं एक पुस्तक दिलं. शकू चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षरं केव्हाच विसरून गेलेली. ती दर रविवारी मुरबाडला जाऊ लागली. तिथे एका खोलीत दहाबारा माणसांची प्रार्थना भरते. पौर्णिमाही शहापूरहून यायची. प्रार्थना झाली की दोघी कोपऱ्यात बसून एकेका ओळीवरून बोट फिरवायच्या. दोन वर्षांत शकू वाचायला लागली. अजूनही ती बोट ठेवूनच वाचते, जोडाक्षर आलं की थांबते, मनाशी जुळवते आणि मग एकदम उच्चारते.

सहा वर्षांपूर्वी तिने काळू नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. नवसू काठावर चपला सांभाळत उभा राहिला. "तुला बरं वाटतं ना, मग झालं," एवढंच तो म्हणाला. तो स्वतः पाण्यात उतरला नाही, आणि तिला कधी अडवलंही नाही.

त्यानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात शकूने ठमाबाईला सांगितलं, "बाय, मी आता पूजेला बसनार नाय." ठमाबाईने मधोमध मांडलेला कलश उचलला आणि आपल्या घरात आत नेऊन ठेवला. तेव्हापासून सहा वर्षं तिने शकूच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भांडण असं नव्हतं. गाय सुटली तर हाक मारायची, उन्हात घातलेले पापड पावसाची सर आली तर दोघींचे उचलायची. पण सगळं अंगणातल्या अंगणात.

मुरबाडच्या खोलीत प्रार्थनेच्या वेळी शकू दर रविवारी एक नाव घ्यायची. तिथल्या माणसांनी ठमाबाईला कधी पाहिलं नव्हतं, पण ती त्यांना सगळी माहीत होती.

यंदा तिने ठरवलं की या खेपेचा नाताळ मुरबाडला नको, आपल्या अंगणात करायचा. पौर्णिमाला ती म्हणाली, "वाडीला बोलावते. येतील त्या येतील. पन बायनं एकदा माज्या घरात बसून ऐकावं, येवढंच हाय."

"आणि नाही आली तर?"

"तर पुढल्या साली."

तिने जूनपासून कोंबडे राखले. गावठी सहा. चार दिवस आधी ती घरोघर सांगायला गेली. आडून बोलणं तिला जमत नाही. "नाताळ हाय, येशूच्या जन्माची गोष्ट सांगनार हाय, गानी हायत, मग जेवन," असं ती प्रत्येक दारात तस्संच म्हणाली.

चिमी ही वाडीतली सगळ्यात बोलकी बाई, अंगानेही भरलेली. ती म्हणाली, "जेवाया घालून पान्यात बुडवनार काय गो आमाला?"

"घरात हंडाभर पानी हाय," शकू म्हणाली. "तुज्या अंगाला तेवढं पुरंल काय?"

दारातल्या सगळ्या बायका हसल्या आणि त्यात चिमी सगळ्यात मोठ्याने.

शेवटी ती ठमाबाईच्या ओट्यापाशी आली. ठमाबाई सुपात वाल निवडत बसली होती. "बाय, बुधवारी या."

"बघू," ठमाबाई वालातून नजर न काढता म्हणाली. तिच्या तोंडी 'बघू' म्हणजे नाही, हे शकू अठ्ठावीस वर्षं ओळखून होती.

बुधवारी सकाळी नवसूने कोंबडे कापले. शकूने अंगणाच्या आपल्या बाजूला पिसं काढली, मसाला वाटला, चुलीवर मोठं पातेलं चढवलं. पलीकडच्या ओट्यावर ठमाबाई बसून सगळं पाहत होती. एकदा शकूला वाटलं, ती काहीतरी बोलणार. पण ती उठून आत गेली. दहा वाजता पौर्णिमा आणि मुरबाडची सातआठ माणसं ढोलकी घेऊन आली. अंगणात ताडपत्री घातली, दोन गाणी म्हणून झाली. रश्श्याचा वास वाडीभर गेला.

साडेअकराच्या सुमाराला बायका आल्या. नऊजणी, काहींच्या कडेवर पोरं. आल्या आणि अंगणाच्या कडेला उभ्याच राहिल्या. पौर्णिमा "बसा, बसा," म्हणत पुढे झाली. बसलं कुणीच नाही. एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग चिमी म्हणाली, "शके, म्हैना कोनता चाललाय गो?"

"डिसेंबर," शकू म्हणाली.

कुणीतरी पदरात हसलं.

"आपला म्हैना विचारत्ये मी."

शकूच्या हातात पातेल्यावरचं झाकण होतं. ते तसंच हातात धरून ती खाली बसली.

मार्गशीर्ष चालला होता. दुसऱ्या दिवशी शेवटचा गुरुवार. वाडीतल्या बहुतेक घरांत महिनाभर मटण-मच्छी शिवत नाहीत, आणि ज्या घरांत इतकं कडक पाळत नाहीत तिथल्या बायकाही उद्यापनाच्या आदल्या दिवशी कोंबडं खाणार नाहीत. शकूने घरोघर सांगितलं तेव्हा हे कुणी बोललं नव्हतं, कारण बोलायची गरजच कुणाला वाटली नाही. बावीस वर्षं गुरुवार केलेली बाई, तिला काय सांगायचं? करील काहीतरी डाळभात, असंच सगळ्यांनी धरलं होतं. नवसूने कोंबडे कापले, पण ते शहापूर-मुरबाडच्या माणसांसाठी असतील, वाडीसाठी दुसरं काही असेल, असं त्याला वाटलं. आणि मुरबाडच्या खोलीतल्या माणसांना महिने मोजायचं कारणच नव्हतं. तिथे नाताळ म्हणजे पंचवीस तारीख आणि पंचवीस तारीख म्हणजे कोंबडीचा रस्सा.

बायका रागावल्या नव्हत्या. त्यांना शकूचीच कीव येत होती, आणि तिला ते रागापेक्षा जड गेलं. एकजण म्हणाली, "आमी गानी ऐकतो नि जातो, तू मनाला लावून घेऊ नको."

पौर्णिमा म्हणाली, "भात वेगळाच आहे. पटकन वरण टाकते."

"चूल एकच ना वो," चिमी हळू आवाजात म्हणाली. "त्याच हातानं, त्याच डावानं. आज नको."

कडेवरचं एक पोर भुकेने कुरकुरायला लागलं. दोघीतिघी निघायच्या बेतात वळल्या.

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून ठमाबाईचा आवाज आला. "त्या पोरांना उन्हात कशाला उभं केलंय? इकडं या सगळ्या."

ती आतून एक मोठी पाटी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवली. मोड आलेले वाल. दोन दिवस भिजवून, फडक्यात बांधून आणलेले मोड, बोटाच्या पेराएवढे. "सोलायला बसा. इतके हात हायत, तासाभरात बिरडं होतंय."

चिमी पाटीकडे बघत राहिली. "बाय, हे उद्याचं ना? उद्यापनाचं?"

"उद्याचं उद्या बघंन. मूग हायत घरात." ठमाबाईने वालांवर कोमट पाणी ओतलं. "माज्या अंगनातून कोन उपाशी गेलेलं मला चालत नाय."

शकू पाण्याची कळशी घेऊन तिच्याजवळ गेली. इतरांना ऐकू येऊ नये अशा आवाजात म्हणाली, "सकाळपास्नं बघत व्हता तुमी. बोलला का नाय?"

ठमाबाईने पाण्यात हात घालून वाल ढवळले. "मला वाटलं, मुद्दाम करतेस."

"मुद्दाम?"

"दाखवायला. की आता माजा काय संबंध नाय तुमच्याशी."

"इसरले गो बाय," शकू म्हणाली. घाईत तिच्या तोंडून 'गो' निघून गेलं, जे ती थोरल्या जावेला कधी म्हणत नसे. "खरंच इसरले. रविवार मोजायची सवय लागली."

ठमाबाईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पोटावर हात ठेवून अंदाज घेते तसं. मग म्हणाली, "बरं. कळशी तिथं नको ठेवू, लाथ लागंल कोनाची."

ज्यांनी मोड आलेले वाल सोलले आहेत त्यांना ठाऊक आहे, हे एकट्याने करायचं काम नाही. दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी सुळकन निसटून परातीत पडते. डोळे लागत नाहीत, डोकं लागत नाही. बोटं गुंततात आणि कान मोकळे राहतात. ओट्यावर आणि खाली अंगणात वाडीच्या नऊ, मुरबाड-शहापूरच्या पाच बायका आणि ढोलकीवाला अशी सगळी परातीभोवती बसली. ढोलकीवाल्याला सोलता येत नव्हतं. त्याचे दाणे उडून चिमीच्या अंगावर पडत होते. "मास्तर, ताल चुकतोय," चिमी त्याला म्हणाली.

ठरलं होतं असं की गाण्यांनंतर पौर्णिमा उभी राहून बोलेल. तिने वहीत लिहून आणलं होतं. पण हात पाण्यात, वही पिशवीत. ती शकूला म्हणाली, "तूच सांग."

शकूने सोलता सोलताच सांगायला सुरुवात केली. मरीया नावाची मुलगी, गरीब घरची, गरोदर. सरकारी मोजणीसाठी नवऱ्याच्या मूळ गावी जायचा हुकूम निघालेला. दिवस भरत आलेले आणि वाट लांबची. पोचल्यावर कुठे जागा नाही. शेवटी जनावरांच्या गोठ्यात आसरा, तिथेच मूल झालं, आणि गव्हाणीत गवतावर निजवलं.

"सुईन कोन व्हती?" ठमाबाईने विचारलं. ती आत चुलीपाशी होती. ती ऐकत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

शकू थांबली. "लिवलं नाय."

"नाय कसं? पैलटकरीन पोर, गोठ्यात, परक्या गावात. कोन तरी असंलच."

"पुस्तकात नाय सांगितलं, बाय."

"मग बाप्यांनी लिवलं असंल," ठमाबाई म्हणाली आणि फोडणीत मोहरी टाकली.

बायका खो खो हसल्या. पौर्णिमा तर इतकी हसली की तिच्या हातातले दाणे सांडले. हसू ओसरल्यावर शकूने पुढचं सांगितलं. बाळ झाल्याची खबर पहिल्यांदा राजाला नाही कळली, पुजाऱ्याला नाही कळली. रानात मेंढरं राखणाऱ्यांना कळली. "आपल्यासारख्यांना," ती म्हणाली. "म्हून मला ती गोष्ट आवडली. देव आला तर कोनाच्या वाड्यात नाय आला. गोठ्यात आला, जिथं आपन रोज शेन काढतो. मी आजारी व्हते तवा मला कळलं, तो माजंबी नाव जानतो. तुमचंबी जानतो. येवढंच मला सांगायचं व्हतं. बाकी तुमी तुमच्या मनाच्या धनी."

एका म्हातारीने विचारलं, मग ते मूल जगलं का. शकूने सांगितलं, जगलं, मोठं झालं, पुढची गोष्ट लांब आहे. म्हातारी म्हणाली, एकदा निवांत येऊन ऐकेन. कडेवरचं पोर एव्हाना मांडीवर झोपलं होतं.

बिरडं झालं. कांदा-लसणाशिवाय, ओलं खोबरं आणि कोकम घातलेलं. ठमाबाईच्याच चुलीवर भात झाला. अंगणात दोन पंगती बसल्या. एकीत वालाचं बिरडं आणि दुसरीत कोंबडीचा रस्सा, मधे चार हातांचं अंतर. नवसूने दोन्ही पंगतींकडे बघितलं आणि म्हणाला, "मी वाढतो." त्यामुळे त्याला कुठे बसायचं हे ठरवावं लागलं नाही.

जेवणाआधी पौर्णिमाने डोळे मिटून प्रार्थना म्हटली. ठमाबाई डाव हातात धरून उभी होती. ती थांबली. सगळ्यांचं आमेन म्हणून झालं तशी म्हणाली, "झालं का तुमचं? वाढू?" आणि वाढायला लागली.

दोनच्या सुमाराला बायका पांगल्या. उरलेला रस्सा डब्यांत भरून मुरबाडची माणसं रस्त्याकडे निघाली. पौर्णिमाने जाताना ठमाबाईला नमस्कार केला. आपण तिला सहा वर्षं नावाने ओळखतो हे काही ती बोलली नाही.

अंगण झाडून झालं. ठमाबाईने अजून काही खाल्लं नव्हतं. वाढणाऱ्याने शेवटी बसायचं, हा तिचा नेम. तिने आपल्या थाळीत भात आणि बिरडं घेतलं, आणि थाळी हातात धरून ती शकूच्या ओट्याशी आली.

"ते पुस्तक कुठाय तुजं? ती पोर संगं बाईमानूस न घेता कशी गेली, ते मला पटत नाय. आधीचं काय लिवलंय?"

"आनते बाहेर," शकू म्हणाली.

"बाहेर ऊन हाय." असं म्हणून ठमाबाई उंबरा ओलांडून आत आली आणि भिंतीला टेकून बसली. जणू रोजच येत होती.

शकूने पुस्तक उघडलं, पान शोधलं, बोट ठेवलं. मरीयेला दिवस राहिले तेव्हा ती उठून डोंगराळ भागात आपल्या नात्यातल्या एका मोठ्या बाईकडे गेली. अलीशिबा तिचं नाव. उतारवयात तीही गरोदर राहिलेली, तिला सहावा महिना होता. त्या नावाशी शकू अडली, मग पुढे गेली. मरीया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली आणि मग आपल्या घरी परतली.

ठमाबाईचा घास हातातच राहिला. "किती म्हैने?"

"तीन."

"आनि थोरलीला सावा व्हता." ठमाबाईने डाव्या हाताच्या बोटांची पेरं मोजली. "सा नि तीन नऊ. म्हंजे थोरलीचं बाळंतपन उरकूनच गेली ती. धाकटीनंच केलं असनार. त्या वयात, पैल्या खेपंला, जवळ बाईमानूस नको?"

शकूने ते पान दहा वेळा वाचलं होतं. पौर्णिमाबरोबर वाचलं होतं, मुरबाडच्या खोलीत ऐकलं होतं. हे तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. तिने पुन्हा ओळीवरून बोट फिरवलं. सहा आणि तीन.

"माज्या शेवटच्या खेपंला तूच व्हतीस," ठमाबाई म्हणाली. "पावसात वाट बंद. सतरा वर्सांची व्हतीस. नाळ कापायला सांगितलं तर रडायला लागलीस."

"तुमीच सगळं वरडून सांगत व्हता."

"मंग? मी सांगंन, पन हात कोनाचे?"

तिने घास तोंडात घातला. शकू पुस्तक मांडीवर धरून बसून राहिली. बाहेर नवसू ताडपत्रीची घडी घालत होता, तिचा आवाज आत येत होता.

"बसलीस काय नुसती," ठमाबाई म्हणाली. "उद्या माज्याकडं पन्नास भांडी पडतील. कुंकू लावनार नायस, ते म्हायत हाय मला. घासाया येशील का नाय?"

"येईन."

"मंग वाच पुढं. थोरलीला काय झालं, मुलगा का मुलगी?"

शकूने पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं.